कॉलनीच्या तोंडाशी रस्ता सुधारायचा तर

आमच्या रहवासी संघाच्या बैठकीत कॉलनीच्या तोंडाशी होणाऱ्या गर्दीचा विषय निघाला, की पहिली मागणी ठरलेली असते: "पार्षदांना सांगून एक ब्रेकर टाकून घ्या." (पार्षद म्हणजे आमच्याकडचे नगरसेवक.) मग कोणीतरी कमान सुचवतं, कोणी सिग्नल. मी बांधकाम खात्यात आरेखक होते. नोकरीभर रस्त्यांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर तेच काम आमच्या स्वतःच्या गल्लीसाठी केलं. ज्या कॉलनीला आपला प्रवेश सुधारायचा आहे तिला माझं सांगणं असं: उपाय मागण्याआधी मोजून घ्या, आणि पक्कं बांधण्याआधी चुन्याने आखून बघा. या दोन्ही कामांना खर्च जवळजवळ नाही, आणि यांच्याशिवाय होणारा खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो.

इंदुरात अन्नपूर्णा मंदिराकडून फूटी कोठीकडे जाताना ज्या कॉलन्या लागतात, त्यांतली आमची एक. रामबागेतून, राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांतून इथे येऊन घरं बांधलेली बरीच मराठी कुटुंबं आहेत. आता त्यांतली कर्ती माणसं सत्तरी ओलांडलेली आणि नातवंडं शाळेत. तीस फुटी रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो. एका कोपऱ्यावर कडुलिंब आणि त्याखाली पोहे-कचोरीची गुमटी, म्हणजे टपरी, दुसऱ्या कोपऱ्यावर विजेची डीपी आणि आमच्याच संघाचा नावाचा मोठा फलक. सकाळी शाळेच्या व्हॅन, नोकरीला निघालेल्या दुचाकी, पोहे खायला थांबलेले लोक आणि फिरून परतणारे आजी-आजोबा एकाच वेळी त्या तोंडाशी येतात.

रस्ता कोणाचा, हे आधी

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढची सगळी पत्रं चुकीच्या टेबलावर जातात. इंदुरात मुख्य रस्ता नगर निगमचा असू शकतो, विकास प्राधिकरणाचा किंवा लोक निर्माण विभागाचाही. कॉलनीच्या आतला रस्ता निगमकडे हस्तांतरित झालाय का, हे निगमच्या झोन कार्यालयात विचारून लेखी घ्या. शहरात ८५ वॉर्ड आहेत. काही कॉलन्यांचा प्रवेश नेमका दोन वॉर्डांच्या सीमेवर येतो, तेव्हा दोन्ही पार्षदांना सोबत घ्यावं लागतं. डीपी आणि खांब वीज वितरण कंपनीचे, नो पार्किंगचा निर्णय यातायात पोलिसांच्या संमतीने, ड्रेनेज आणि नर्मदेच्या पाण्याची लाईन निगमच्याच पण वेगळ्या शाखांची. कोपऱ्यावरची प्रत्येक वस्तू कोणाची, याचा तक्ता वहीच्या एका पानावर मांडा.

आणि कमान किंवा फाटक बसवायचा विचार असेल तर एवढं ध्यानात असू द्या की निगमकडे गेलेला रस्ता सार्वजनिक आहे. त्यावर रात्री साखळी लावायचा अधिकार संघाला नाही. ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडचा बंब पहिल्या झटक्यात आत शिरला पाहिजे.

मोजणी

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आला होता. १९१८ साली त्याने शहराचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढवली आणि जाहीर केलं, की ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ केल्या जातील त्यांतूनच ती जाईल. लोकांनी घरं, गल्ल्या झाडून-पुसून लख्ख केल्या. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची पद्धत: आधी गल्लीगल्लीतून पायी फिरायचं, लोक जागा कशी वापरतात ते बघायचं, आणि मग शक्य तेवढी कमी तोडफोड करून दुरुस्ती सुचवायची. आपल्याला आपल्या एका कोपऱ्यापुरतं तेच करायचं आहे.

साहित्य साधं: तीस मीटरची टेप, खडू, आलेख कागद, सुतळी. उपग्रहाचा नकाशा छापून घेतला तर पायाभूत आराखडा आयता मिळतो, पण मापं जमिनीवरच घ्यायची. एक सेंटिमीटरला दोन मीटर हे प्रमाण कोपऱ्यासाठी सोयीचं. डांबराची रुंदी, कडेची माती, खांब, झाड, चेंबरची झाकणं, फलक, गुमटी, दुकानांच्या पायऱ्या, सगळं कागदावर आलं पाहिजे. ही मापं पहाटे, रहदारी नसताना घ्या आणि एकाने फक्त गाड्यांकडे लक्ष ठेवायचं.

वळणाची गोलाई मोजायची सोपी रीत सांगते. कोपऱ्याच्या वक्र कडेवर चार मीटर सुतळी ताणून धरा आणि सुतळीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते अर्धा मीटर भरलं तर त्रिज्या साधारण सव्वाचार मीटर. २० सेंटिमीटरच भरलं तर जवळपास १० मीटर. त्रिज्या जितकी मोठी, तितकी गाडी वेग न उतरवता आत शिरते. पुष्कळ कॉलन्यांमध्ये ब्रेकरची मागणी ज्या वेगामुळे होते, त्याचं मूळ या ऐसपैस वळणात असतं.

वाहनं मोजताना पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करा आणि दिशेप्रमाणे वेगळ्या खुणा मांडा: चार उभ्या, पाचवी आडवी. दुचाकी, कार, ऑटो आणि ई-रिक्षा, शाळेची व्हॅन, ट्रॅक्टर-टँकर असे प्रकार पाडा. रस्त्यावर व्यापलेल्या जागेच्या हिशेबात कार एक धरली, तर दुचाकी अर्धी ते पाऊण धरतात. शाळेची वेळ, कचेरीची वेळ, संध्याकाळ आणि रविवारची पोह्यांची सकाळ, एवढं तरी मोजाच. आमच्याकडे नवरात्रात अन्नपूर्णेच्या दर्शनाची गर्दी वेगळीच असते. तिची नोंद वेगळी ठेवावी, रोजच्या आकड्यांत मिसळू नये.

पण वाहनांची मोजणी हे अर्धंच काम. पायी चालणारा नेमका कुठून रस्ता ओलांडतो, हे कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीत बसून नकाशावर रेघांनी काढा. कोणी सरळ जातं, कोणी तिरकं, कोणी गुमटीला वळसा घालून. ज्या ठिकाणी रेघा दाट होतील तिथेच झेब्रा हवा. कागदावर सुबक दिसतो म्हणून चार पावलं लांब आखलेला झेब्रा कोणी वापरत नाही.

माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता ९ मीटर रुंद असेल तर ओलांडायला साडेसात सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ४० किलोमीटर वेगाची गाडी ८० मीटरहून अधिक पुढे येते. काठी टेकत चालणाऱ्या माणसाला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. आपल्या कॉलनीतल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला विनंती करा, त्यांच्या सोबतीने चाला आणि वेळ घ्या. आराखडा त्या आकड्यावर बेतायचा, याबद्दल माझ्या मनात काही दुमत नाही.

मग दृष्टी. कॉलनीतून बाहेर पडणारा दुचाकीस्वार जिथे थांबतो तिथे उभे राहा आणि दुसऱ्याला मुख्य रस्त्याच्या कडेने रंगीत छत्री घेऊन तुमच्याकडे चालत यायला सांगा. छत्री पहिल्यांदा जिथून दिसली तिथे खडूची खूण करा. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांप्रमाणे ४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला सुरक्षित थांबायला ४५ मीटर लागतात, ५० ला ६० मीटर आणि ३० ला ३० मीटर. आमच्या एका बाजूला छत्री फार उशिरा दिसायची, आणि आड येत होता तो संघाचा फलक. तो मागे, कंपाउंडच्या भिंतीवर नेला. वेल्डरची मजुरी लागली, बाकी काही नाही.

पावसाचं मोजमाप पावसातच होतं. पहिल्या मोठ्या सरीनंतर डबक्याच्या कडेचा फोटो काढा आणि ती कड नकाशावर उतरवा. ज्या कोपऱ्यात पाणी साचतं, तो कोपरा टाळून माणसं रस्त्याच्या मधून चालतात.

कोणाला विचारायचं

रात्री नऊच्या बैठकीला पुरुषमंडळी येतात आणि बहुतेक सगळे गाडीवाले असतात. त्यांचं ऐकावं, पण तेवढ्यावर थांबू नये. आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोपऱ्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि प्रत्येकीला सांगितलं, जिथे भीती वाटते तिथे कुंकवाचं बोट टेकवा. मला वाटलं होतं खुणा मुख्य रस्त्यावर पडतील. सगळ्यात दाट खुणा पडल्या डीपीच्या मागच्या अंधाऱ्या पट्ट्यावर, जिथे एकही दिवा लागत नव्हता. वाहनांच्या तक्त्यात ही गोष्ट कधीच आली नसती.

घरकामाला येणाऱ्या बाया, व्हॅनचे ड्रायव्हर, कचरागाडीवरची माणसं आणि झाडूवाल्या ताई यांच्याशी बोला. गुमटीवाल्याशी तर नक्कीच. तो रोज पहाटेपासून त्याच जागी उभा असतो. आमच्या भैयाने सांगितलं, "दीदी, व्हॅन उलटी इसलिए आती है कि कट बहुत आगे है." डिव्हायडरमधला पुढचा कट किती लांब आहे हे आम्ही मग मोजलं, आणि उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्यांचं कोडं सुटलं. प्रवेशासमोरचा कट बंद करा, अशी मागणी करण्याआधी हे अंतर अवश्य बघा. फार मोठा वळसा पडणार असेल तर लोक उलटे येणार, आणि उलट्या येणाऱ्या गाडीकडे ओलांडणाऱ्याचं लक्षच नसतं.

गुमटी हटवा म्हणणारे प्रत्येक कॉलनीत असतात. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसाचं घर त्यावर चालतं. अडचण गुमटीची नसते, तिच्याभोवती वाकड्यातिकड्या लावलेल्या गाड्यांची असते. गुमटी कोपऱ्यापासून थोडी आत सरकवून शेजारी दुचाकींसाठी पट्टे आखले, तर कोपरा मोकळा होतो आणि पोहेही मिळत राहतात. ही हलवाहलव त्याच्याशी बोलून, निगमच्या संमतीने करा. पहाटेची ती गजबज आमच्या बायकांना फिरायला निघताना आधार वाटते, हेही ध्यानात ठेवा.

उपाय निवडताना

ब्रेकरबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद, उंच डांबरी उंचवटे म्हणजे ब्रेकर नव्हेत. मानकांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून साधारण २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने जाते, त्याहून जास्त वेगाला दणका बसतो. अरुंद उंचवट्यावर मात्र हळू जाणाऱ्याचीही पाठ दुखावते, ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णाचे हाल होतात आणि रात्री दुचाकी घसरते. गतिरोधक वळणावर कधीच घालू नये; वळती दुचाकी त्यावर तिरकी चढते. तो आत, सरळ भागात हवा, आधी सूचनाफलक आणि वर ठळक पट्टे, पुरेशा दिव्याखाली.

कॉलनीच्या तोंडासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो उंचावलेला झेब्रा: फुटपाथच्या पातळीत, सपाट, दोन्ही बाजूंना उतार दिलेला. चालणाऱ्याला उतरावं-चढावं लागत नाही, व्हीलचेअर सरळ जाते, आणि आत शिरणाऱ्या गाडीला आपोआप वेग उतरवावा लागतो. झेब्र्याचे पट्टे ५० सेंटिमीटरचे आणि मधली जागाही तितकीच. मात्र त्याच्या दोन्ही टोकांना पाणी वाहून जायला नाली किंवा पाईप ठेवायलाच हवा, नाहीतर पावसाळ्यात कॉलनीच्या तोंडावर बांध घातल्यासारखं होतं.

फुटपाथला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे खांब, झाडाचा ओटा, डीपीचं कुंपण सोडून उरलेली. कडेचा कर्ब १५ सेंटिमीटरहून उंच नको. उंच फुटपाथ दिसायला भारदस्त असतो, पण गुडघे दुखणारी माणसं त्यावर चढत नाहीत, रस्त्यावरूनच जातात. वळणाची त्रिज्या कमी करून कोपरा थोडा पुढे आणला तर ओलांडायचं अंतरही घटतं. कडुलिंब तोडायचा विषय निघाला तर ठाम नाही म्हणा. मालव्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो कोपरा झाडामुळेच चालण्याजोगा राहतो.

सिग्नल छोट्या कॉलनीच्या तोंडाशी क्वचितच उपयोगी. आत-बाहेरचे आकडे जवळच्या मोठ्या चौराह्याच्या आकड्यांशेजारी ठेवले की ही मागणी सहसा आपसूक मागे पडते.

चुन्याची तालीम

आराखडा ठरला की तो रस्त्यावर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, आखा. यातायात पोलिसांची आणि झोन कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. कोन उसने मिळतात का तेही विचारा. कोन कमी पडले तर वाळू भरलेले तेलाचे डबे चालतात, त्यांना चमकणारी पट्टी लावा आणि अंधार पडायच्या आत उचला. सुरुवात रविवारी दुपारी, मग कामाच्या दिवशी.

नव्या, लहान वळणावरून कचऱ्याची गाडी वळते का, शाळेची बस वळते का, पाण्याचा टँकर वळतो का, हे डोळ्यांनी बघा. संध्याकाळी चुन्याकडे नीट पाहा. जिथे चाकं गेली तिथला चुना पुसला गेलेला असतो. जिथे तो तसाच शाबूत आहे, तेवढं डांबर कोणाच्याच उपयोगाचं नाही. तो तुकडा बिनधास्त फुटपाथला द्या. त्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण इंदुरात मुख्य रस्ते रात्री झाडले जातात आणि सकाळपर्यंत सगळ्या खुणा नाहीशा होतात.

विरोध करणारा दुकानदार असेल तर त्याला या तालमीला बोलवा. कागदावर नाही म्हणणारी माणसं जागेवर उभं राहून पाहिल्यावर सूचना करू लागतात, आणि काही सूचना आपल्यापेक्षा चांगल्या असतात.

कागद

आवेदन एका पानाचं, सोबत नकाशा, मोजणीचा तक्ता आणि मोजके फोटो. कामं तीन टप्प्यांत मागा. आधी रंगाची: झेब्रा, थांबरेषा, दुचाकींचे पट्टे. मग हलवण्याची: फलक, गुमटी, बंद दिव्याचा खांब, खचलेलं झाकण. शेवटी बांधकामाची. पहिल्या दोन टप्प्यांतली बरीच कामं झोनच्या देखभालीत होऊ शकतात, त्यांना मोठ्या टेंडरची वाट पाहायला लावू नका.

बंद दिवा किंवा फुटलेलं चेंबर अशा सुट्या तक्रारी निगमच्या इंदौर ३११ ॲपवर फोटोसकट टाका. अडलेल्या कामासाठी १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, आणि मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याची बैठक, असते. पण संपूर्ण आराखडा ॲपवर तुकड्यातुकड्यांनी टाकू नये. तो पार्षद आणि झोनच्या अभियंत्यासमोर एकत्रच मांडावा. बोलवायचं तर जागेवर बोलवा, शाळेच्या वेळी. आवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काम मंजूर झाल्यावर एस्टिमेट, नकाशा आणि ठेकेदाराच्या देखभालीचा कालावधी मागा. मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

एक गोष्ट डांबर पडण्याआधी पक्की करा: नर्मदेची लाईन, ड्रेनेज, गॅस, केबल यांतलं काय काय खोदायचं राहिलंय. सगळ्यांना एकाच आठवड्यात पत्र द्या की रस्ता होणार आहे, खोदायचं असेल तर आत्ता खोदा.

काम चालू असताना

ठेकेदाराशी वाद घालायला जाऊ नका, मापं घ्यायला जा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते; पेव्हर ब्लॉकखाली मुरूम नीट दाबून घातला नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात फुटपाथ लाटांसारखा होतो. म्हणून ब्लॉक बसण्याआधी, पाया उघडा असतानाच बघा आणि फोटो काढा. गतिरोधकावर सुतळी ताणून रुंदी-उंची तपासा. बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का ते बघा. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आली पाहिजेत. आणि जुन्या डांबरावर नवा थर चढवून रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर जात असेल तर तिथेच काम थांबवायची विनंती करा. आधी जुना थर खरवडून काढायला सांगा.

काम झाल्यावर, शाळा सुरू असताना, आधीच्याच वारांना आणि वेळांना पुन्हा मोजणी करा. तोच तक्ता, त्याच खुणा. आमच्याकडे डीपीमागचा दिवा लागल्यावर त्या पट्ट्यातून चालणाऱ्या बायकांची संख्या वाढली, म्हणून आम्ही पुढच्या आवेदनात आणखी एक दिवा मागितला. झेब्र्याचा रंग पावसाळ्यात उडतो. दसऱ्याच्या आत तो पुन्हा मारून घ्यायचं काम कोणाकडे, हे संघाच्या रजिस्टरात नावानिशी लिहून ठेवा, आणि त्याच पानावर झोनच्या अभियंत्याचा नंबर.